शब्दाला दोन रुपये

आल्टनवेर. लोकसंख्या चार हजार एकशे बारा.
गावच्या वारशाचं पत्रक मराठीत हवंय,
कारण लातूर-सांगलीच्या सात नर्सेस
मार्चात तिथल्या वृद्धाश्रमात रुजू होणार.
मी कलिन्यात, तिसऱ्या मजल्यावर.
शब्दाला दोन रुपये.

सुरुवात सोपी गेली.
दगडी दरवाजा: वेस. भिंत: गावकूस.
रात्री कंदील घेऊन तास पुकारणारा एक माणूस असे,
शेवटचा १९११ साली वारला;
पहारेकरी लिहिणार होते, तेवढ्यात
एक जुना शब्द आला खोकत, घोंगडी सावरत:
जागल्या.
ठेवला. तिकडच्या थंडीत घोंगडी बरी.

लिंडनच्या झाडाखाली निवाडे होत.
मूळ मजकुरात पार नाही.
मी बांधला, त्याचे पैसे लावले नाहीत.

मग परिच्छेद सहा.
चौकातला खांब, प्लेगनंतर उभारलेला,
वाचलेल्यांनी, न वाचलेल्यांसाठी.
वाक्य सरळ होतं,
तरी कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

दूध आणायला उतरले.
कोपऱ्यावरचा क्रूस,
ज्याला वळसा घालून मी अकरा वर्षं दूध आणते,
ज्याच्या हाताला इस्त्रीवाला हँगर अडकवतो,
आज वाकून पाहिला. चुन्याखाली आकडे: १८९७.

क्लॅरिसबाई दारात बोंबील साफ करत होत्या.
"प्लेगाचा तो. आमच्या घरातली पाच गेली,
सहावा माझ्या सासऱ्याचा बाप, त्यानं दगड आणला."
हात पुसून आतून कागद आणला.
"मराठीतच आहे, पण कळत नाही.
तू भाषांतराचं करतेस ना?"

सदर अडथळा पंधरा दिवसांत
निष्कासित करण्यात येईल.

"काढणार," मी म्हटलं.
"मग तसं लिहायचं ना,"
आणि एक डोकं खुडलं.

वर येऊन परिच्छेद सहा संपवला.
नगरपालिकेच्या बाईंना कामाबाहेरचा एक प्रश्न पाठवला:
तुमचा खांब हलवायची वेळ कधी आली होती?
दुसऱ्या दिवशी उत्तर:
हो, १९६३. पार्किंगसाठी.
बेकरीवाली घरून खुर्ची घेऊन आली
आणि खांबाला टेकून बसली, तीन दिवस.
पत्रकात हे नाही.

खाली जाऊन सांगितलं.
क्लॅरिसबाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या,
"खुर्ची कसली होती?
आमच्याकडे प्लास्टिकची आहे."