पायाळू

मी पायाळू.
पाठीत उसण भरली की गाव लाथ मारून घ्यायला माझ्याकडे,
आभाळ काळवंडलं की तेच गाव
माझ्यापासून चार हात लांब.

ऑक्टोबर छाटणीला वीसेक दिवस झालेले.
गिरणाऱ्याच्या पुढं द्राक्षबागेत फेलफूट काढणाऱ्या नऊ बायका,
बांधावर माझी क्रूझर.
तीनच्या सुमाराला रामशेजच्या मागून गडगडलं.

बागेत सगळं लोखंडच, अँगल आणि तारा.
या टोकाला शिवलं की त्या टोकाला कळतं.
मुकादम भोयेबाई ओरडली,
"तारा सोडा गं! आंब्याखाली नाही, गाडीत!"

त्या आत शिरल्या तसा मी खाली उतरलो.
नऊ जीव, आणि मी हा असला.
लखकन झालं. एक, दोन, तीन, चा...

"लहानू, बाहेर काय पाहुणा घ्यायला थांबलास?"
"मी पायाळू हाय, बाई."
"वीज काय सुईणीला विचारून पडते? चढ!"
बखोट धरून ओढलं, दार लावलं, काचा वर.
"लोखंडाला हात नको कुणाचा."

काचेवर दहा जणांची वाफ, मिसरीचा वास,
कुणाचा तरी गुडघा माझ्या बरगडीत.
धाकटी चंद्री मोजत होती:
सात.
अकरा.
बावीस.

गडगडाट थांबला तरी भोयेबाई उतरू देईना.
"अजून अर्धा तास," म्हणत डबा उघडला,
नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी,
एक तुकडा माझ्या हातात.
हात थरथरत होता. तिनं बघितलं, बोलली नाही.

उतरताना मात्र हळूच,
"पाठ धरलीय रे दाटीनं.
मारतोस का एक लाथ?"