भरती का सुकती

हर्णै बंदरावर माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन,
सात-बारा, पॅनकार्ड, आणि निकाल लागला की
डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांचे फॉर्म.
गावातल्या प्रत्येक पोराचे मार्क मला पाठ,
त्यांच्या मामांनाही माहीत नसतात ते.

हर्षाली पावसे. पाचशे एक्काहत्तर.
यादी पाचशे चौऱ्याहत्तरला थांबली.
मी स्क्रीन खाली-वर करत राहिलो,
जसे काही तीन मार्क कुठे कोपऱ्यात अडकलेत.
बाहेर वाळूवर लिलाव चाललेला,
सुरमईची पाटी साडेतीन हजारावर अडली होती,
कुणीतरी ओरडलं, 'अजून शंभर!'
हर्षालीने मान वर केली नाही.

तिची आई म्हणाली, मासळी बसून राहिली की दर उतरतो.
हा पण उतरेल ना?
म्हटलं, तिसऱ्या राऊंडला उतरतो कधीकधी.
'कधीकधी' हा शब्द मी दिवसातून चाळीसदा देतो,
त्याचे पैसे लावत नाही.

बर्फाच्या कारखानदाराच्या अद्वैतचा फॉर्मही
मीच भरला होता, याच माऊसने.
चारशे अठरा. मॅनेजमेंट कोटा.
फीच्या आकड्यातली शून्यं मोजताना
बोट स्क्रीनला लागलं, डाग अजून आहे.

मग तिचा बाप आला, तांडेल,
अंगाला डिझेलचा वास, पायांना ओली वाळू.
'चुकलं काय नेमकं?' एवढंच विचारलं.
तिने पेपर उलगडला. फिजिक्स, प्रश्न एकोणतीस:
नदीचा प्रवाह इतका, होडीचा वेग त्याच्या दुप्पट,
बरोबर समोरच्या काठाला लागायचं,
तर सरळ रेषेपासून नाळ किती अंश वळवावी?
चुकला म्हणून एक गेला, चार आले नाहीत.
सोडून दिला असता तरी दोन कमी पडले असते,
बरोबर आला असता तर दोन उरले असते.
हे ती न थांबता बोलली, पाढ्यासारखं.

तांडेलाने कागद उजेडाकडे धरला.
आकृती त्याला कळली. होडी, बाण, दोन रेघांचे काठ.
बराच वेळ बघून म्हणाला,
'यात भरती आहे का सुकती?'
'ते दिलेलं नाही, बाबा.'
'वारा?'
'नाही.'
'होडी भरलेली का रिकामी?'
ती हसली, चार दिवसांत पहिल्यांदा. मग रडली,
काउंटरवरच्या कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोंवर.

'तुम्ही किती अंश धरता?' मी विचारलं,
काहीतरी बोलायचं म्हणून.
'अंश कसले? बुरुजाच्या जरा वर नाळ ठेवतो,
पाणी खाली ओढतं, आपण जागेवर येतो.'
हर्षालीने पेन मागितलं.
लाइट बिलाच्या पाठीवर बुरूज काढला, एक तिरकी रेघ,
काहीतरी पुटपुटली, आणि पेन ठेवलं.
'तीस होतं. मी साठ लिहिलं.
काठापासून मोजलं मी.'

'म्हणजे होडी त्याच वाटेने गेली?'
'हो.'
'मग लागली असती की.'

कुणीच काही बोललं नाही.
तिसऱ्या राऊंडचं पान उघडत होतं, उघडत नव्हतं.
तांडेलाने त्या बिलाच्या पाठीची झेरॉक्स मागितली,
घडी घालून बनियनच्या आत ठेवली.
दोन रुपये झाले.
मी घेतले.