घोटा

यंत्रापासून चार मीटर लांब, पार भिंतीशी
उताणी पडलीय कोर्नेलिया, गुडघे दुमडून.
एवढं दूर कशाला, तिनं विचारलं.
जवळून तू अख्खी मावत नाहीस, मी म्हणाले.
हसली. केस नसलेली, एकोणीस वर्षांची.

माझ्या मनगटावर चिकटपट्टीचे तुकडे.
कपाळ, मान, बेंबी,
दोन गुडघ्यांच्या मध्ये, घोटा.
प्रत्येक जागी एक स्फटिक,
जाड्या मिठाच्या खड्याएवढा.
त्याला एवढंच कळतं: अंगावर पडलेलं धरून ठेवायचं.

पायांच्या कडेनं वात्सेक तांदळाच्या पिशव्या लावतो.
किरणांना मांस आणि तांदूळ यांत फारसा फरक करता येत नाही.
सात वर्षं हाच तांदूळ आहे, तो सांगतो,
कुणी भात मागितला नाही अजून.

दाराबाहेर तिचा बाप, अलोइझ.
झाब्झेच्या कोळशात सव्वीस वर्षं.
खाली आमच्या पट्ट्याला वायू मोजणारं यंत्र असायचं, म्हणाला,
ते वाजलं की वर यायचं.
तुमचं कधी वाजतं?
आमचं नंतर सांगतं, मी म्हणाले.
नंतर, तो म्हणाला,
आणि टोपी या हातातून त्या हातात घेतली.

दार लागलं. पडद्यावर ती, करडी, न हलणारी.
हाडांच्या आतलं सगळं पुसायचं आहे,
म्हणजे गुरुवारी कुणा अनोळखी माणसाची मज्जा तिथे बिऱ्हाड करील.
कमी पडलं तर दुखणं कोपऱ्यात दडून बसेल.
जास्त झालं तर फुप्फुसं.
मधली वाट बोटभर.

संध्याकाळी, तळघरात, मी स्फटिक तापवते,
एकेक करून.
तापला की तो उजळतो,
डोळ्यांना दिसू नये इतका मंद.
कागदावर एक उंचवटा उमटतो,
खाणीपलीकडच्या राखेच्या टेकडीसारखा,
आणि स्फटिक कोरा होतो.
सकाळचं काही म्हणजे काही त्याच्यात उरत नाही.
उद्या पुन्हा तिच्याच कपाळावर.

बेंबी: दोन पूर्णांक शून्य तीन. ठीक.
कपाळ: ठीक.
घोटा: दोन पूर्णांक एकवीस.
पुन्हा पाहिलं. एकवीसच.

अलोइझ अजून बाकावर होता. शेजारी गार झालेला चहा.
घोट्याशी वाजलं थोडं, मी म्हणाले.
तो उठलाच. मग वर आणायचं तिला?
नाही, म्हणाले. उद्या तिथे
आणखी एक पिशवी तांदूळ.

त्यानं मान हलवली. मग बराच वेळ
आपल्याच पायांकडे बघत राहिला.