टाके

लष्करात माझं दुकान.
म्हणजे सोलापूरच्या लष्करात,
जिथून पलटण कधीच उठून गेली नि नाव तेवढं मागं राहिलं.
दप्तरांचे पट्टे शिवतो, चेन बदलतो,
हलगीवाले येतात कधीमधी पान ताणून घ्यायला.

तायाप्पा जावीर आले डिसेंबरात,
छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी,
आजारी करडू आणावं तसं.
"गळालंय ओ," म्हणाले. "सोळा तारखेच्या आत पाहिजे."

आत कातडी पिशवी, शिवणीवर काळी पडलेली,
तीन लांब नळ्या, एक बोटं फिरवायची,
आणि वास : मधाचा, चरबीचा, जुन्या श्वासाचा.
लग्नाच्या बँडात बघितला होता मी हा बाजा,
लाल डगल्यांच्या खांद्यावर, नवरदेवाच्या पुढं.
पण मी नळीला हात घालायच्या आधी
म्हातारा माझा हात बघत होता, धुतलाय का.

फुगवून बादलीत बुडवली.
बुडबुडे दोन जागी.

"घरात सुंदरी होती. आजा वाजवायचा,
बाप सूर धरायचा. नुसता सूर. जन्मभर तेवढाच.
मला वाटायचं, ह्यात काय वाजवणं आलं?
पुढं पलटणीत उस्तादानं ही काखेत दिली,
तर ह्या तिन्ही नळ्या माझ्या बापागत.
हलायचं नाही, बदलायचं नाही. धरून ठेवायचं."

समोर टेम्पोतून ज्वारीची पोती उतरत होती.
हमालाच्या पाठीकडं बघत ते मधेच म्हणाले,

"लढाईत बाजा वाजत नाय.
बाजे जातात कोठारात, बँडवाल्याला देतात स्ट्रेचर.
नदीपासून तंबू सव्वा मैल.
वाटेत माणूस गेला तर मागच्याला आधी कळतंय.
वजन तेच असतंय ओ,
पण दांडा हातात वेगळा बसतोय."

एवढंच. नाव एकाचंही नाही.
मी दोऱ्याला मेण लावलं, टोच्यानं भोक पाडलं,
दोन्ही बाजूंनी सुई घातली,
जोड्याला घालतो तसा दुहेरी टाका.
पैसे विचारले नाहीत. त्यांनी दिले.

सोळाला पहाटे कंबर तलावाच्या काठी
झेंडा नव्हता, खुर्च्या नव्हत्या,
फिरायला आलेली चार माणसं, एक कुत्रं.
त्यांनी काख दाबली.
आधी एक कण्हणं, मग तिन्ही सूर उभे राहिले
नि त्यांच्या अंगावरून एक संथ चाल निघाली.
कुणीतरी कानटोपी काढली, का ते त्यालाही माहीत नसावं.
मी खोटं नाही सांगत, मला चाल ऐकूच येत नव्हती.
मी माझे टाके ऐकत होतो.

मधेच त्यांना ढास लागली. तोंडातली नळी सुटली.
पाणी आलं डोळ्यांत, खोकून खोकून वाकले.
सूर चालूच.
तोंड बाजूला, छाती रिकामी,
आणि मघाचा श्वास कोपराखाली अजून वाजतोय.

शेवटी थाप मारून सूर एका झटक्यात तोडायचा असतो म्हणे,
नाहीतर उस्ताद आईवरून शिव्या द्यायचा.
त्यांनी तोडला नाही.
जाऊ दिला त्याच्या चालीनं,
खाली, आणखी खाली, बेसूर होईतो.

"गळालं का?" विचारलं त्यांनी.
"नाही."

मग बाजा घोंगडीवर आडवा ठेवला.
"तिकडून धरा जरा."
मी दोन कोपरे धरले, त्यांनी दोन.
काही वजन नव्हतं त्यात.
तरी रिक्षापर्यंत ते माझ्याशी पाऊल जुळवत चालले,
हळू,
मागच्या बाजूनं.