अट क्रमांक नऊ

हमीपत्र मीच टाइप केलं होतं.
तहसीलच्या भिंतीला टेकून माझी टपरी,
मंडळाचे चौघं आले घाईत:
‘मागचंच काढ, तारीख तेवढी बदल.’
मागचं होतं भजनाच्या कार्यक्रमाचं.
तरी त्यात अट नऊ होती,
मद्यप्राशन केलेल्या इसमास प्रवेश दिला जाणार नाही,
दिल्यास सर्वस्वी जबाबदारी आयोजकांची.
भजनाला कोण पिऊन येतंय, म्हणून हसलो सगळे.
बावीस अटी, तीस रुपये.
त्यातले पाच अजून यायचेत.

फाटकावर त्या रात्री मीच होतो.
छातीवर बिल्ला, स्वयंसेवक.
उदगीरची फायनल, समोर देगलूरचा संघ,
हॅलोजनभोवती पाखरांचा चुरा
आणि मुनीर मंडपवाल्याची गॅलरी,
सात पायऱ्या, लोखंडी पाइप, आंब्याच्या फळ्या.
‘तीनशे माणूस बसतंय भाऊ, फक्त नाचू नका म्हणावं.’
कुणी म्हणावं, ते काही तो बोलला नाही.

नऊच्या सुमाराला धोंडिबा आला.
माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.
हातात पाण्याची बाटली, पाणी जरासं नारिंगी.
पाण्याला वास नसतो, एवढं मी शाळेत शिकलोय.
‘काय बघायलाव दाजी, सोडा की.’
त्याच्यामागं सहा जण,
त्यांच्यामागं रेटा,
आणि मला दिवाळीला सासुरवाडीला जायचं होतं.
मी बाजूला झालो.
अर्धं पाऊल.

शेवटची चढाई.
एका गुणानं मागं होतो.
आपला पोरगा पार बोनस रेषेपलीकडं,
तोंडात कबड्डी कबड्डी, दोघांना शिवून मागं वळला
तसा धोंडिबा सातव्या पायरीवर नाचायला लागला
आणि त्याच्यासोबत अख्खी पायरी.
आवाज फार मोठा नव्हता,
शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवावं तेवढाच.
मग पायऱ्या एकेक करत
एकमेकींच्या मांडीवर बसल्या.
पोरगा मध्यरेषेवर हात टेकून उठला,
जिंकलो म्हणून त्यानं गॅलरीकडं बघितलं.
तोंडातली कबड्डी अजून थांबली नव्हती.

खाली सत्यभामाबाई होत्या, शेंगांची पाटी घेऊन.
मैदानात समोर बसायचे मंडळाला पन्नास रुपये,
गॅलरीखाली फुकट, आणि वारंही लागत नाही.
उजवा पाय लातूरला काढला, गुडघ्यापासून.

त्यानंतर सगळे माझ्याच टपरीवर.
मंडळाचं निवेदन: गॅलरी ठेकेदाराची.
मुनीरचं: तीनशेची होती, पाचशे चढवले,
वर दारुडे नाचले.
ठाण्यातून शिपाई आला परवानगीची झेरॉक्स काढायला,
अट नऊखाली लाल रेघ मारलेली.
धोंडिबाचा जामीनअर्ज: अर्जदार शुद्धीत नव्हता.
वकिलानं ते खोडायला लावलं.
अर्जदार निर्व्यसनी आहे.
मी खोडलं, टाइप केलं, स्पेलिंग तपासलं.
सत्यभामाबाईंच्या भरपाईच्या अर्जाचे पैसे घेतले नाहीत.
पोरगा शेंगांची पुडी ठेवून गेला.
‘फुकट नको म्हणाली आई.’

एवढ्या कागदांत फाटक कुठंच नाही.
सगळीकडं एकच वाक्य, मीच बसवलेलं:
सदर इसमांना प्रवेश दिला गेला.
दिला गेला.
वारा आला, लाइट गेली, तसा.
आपली भाषा मोठी दयाळू,
करणाऱ्याला लपायला एवढी जागा कोण देतं?

काल रात्री नवीन फाइल उघडली.
‘प्रवेश दिला’ एवढं उमटलं,
पुढं नाही, मागं नाही.
पुडी ड्रॉवरमध्येच आहे, शेंगा मऊ पडल्या असतील.
बायको दारात आली.
‘काय टाइप करायलाव एवढ्या रात्री?’
मागचंच आहे, म्हणालो.
ती तिथंच उभी राहिली, पडद्यावरचं वाचत.