वावा

इथे बसला वावा म्हणतात.
बाळाच्या पहिल्या बोलातलं नाव,
पण रविवारी दोनच फेऱ्या.

तीन दिवस वावानं फिरलो.
शेजारी दोन्या एउलोखिया, मांडीवर रताळ्यांची पिशवी.
बाहेर काळं रान,
कुणी नांगरता नांगरता जेवायला गेल्यासारखं.
तिनं काचेवर बोट टेकवलं: इथं आमचं गाव.
मी पाहिलं. दगड.
"खाली," ती म्हणाली,
तळमजल्यावर राहतो म्हणावं तशी.
तीनशे वर्षं होत आली होती.

चौथ्या दिवशी गाडी घेतली भाड्यानं.
काउंटरवरची यूरेना कागदावरच्या गाडीला
ओरखडे काढत गेली:
हा जुना, हाही जुना, हा तुमचा नाही.

मग बेट एकदम लहान झालं.
नाश्त्याआधी मिठागर, अकराला द्राक्षमळा:
राखेत खड्डे, खड्ड्यात एकेक वेल,
वाऱ्याकडे पाठ केलेली कमरेएवढी भिंत.
पाऊस नाहीच. राख रात्री दव पिते
आणि मुळांना पाजते, असं पाटीवर होतं.
इंजिन चालू ठेवूनच वाचलं.

परतताना तिच्या वळणाशी हळू झालो.
कुठलं वळण? सगळीच तिची दिसत होती.
मागून हॉर्न. वावा.
ओलांडून जाताना खिडकीत एक पिशवी दिसली,
रताळ्यांची असेल, नसेलही.

गाडी परत करताना
यूरेनानं दारावरून बोट फिरवलं.
काळं झालं. तिनं जीन्सला पुसलं,
कागदावर काहीच लिहिलं नाही.
"ही आमची," म्हणाली.