सातवी गाय

हिल्मा आजी घरात सापडायची नाही.
दार नुसतं लोटलेलं, चुलीवर कॉफीची किटली कोमट,
खिडकीत उलटा ठेवलेला चष्मा,
म्हणजे तळ्यावर.
चष्मा नसेल तर रानात.
दोन्हीकडे नसेल तर शेजारचा उर्पो म्हणायचा,
"बसा, भूक लागली की येईल."
तिला भूक उशिरा लागायची.

काहींच्या पायाला भिंगरी असते.
तिच्या पायाला घसरगाडी होती,
लांब पोलादी पट्ट्यांची, पुढे लाकडी पाट:
एक पाय पट्टीवर, दुसऱ्यानं बर्फाला रेटा.
एक्याऐंशीव्या वर्षी ती दुकानातून अशी यायची,
पाटावर पिठाची गोणी, गोणीवर मी,
माझ्या मांडीवर अंडी.
उतारावर रेटा थांबायचा, बोलणं नाही.
एकही अंडं फुटलं नाही, असं ती सगळ्यांना सांगे.
तीन फुटली होती.

जुलै सरता सरता दलदलीत हिल्ला पिकायची,
केशरी, मऊ, दातांत बिया अडकवणारी.
बादली घेऊन आजी एकटी निघायची, पहाटे
(पहाट ती म्हणायची; आमच्याकडे तेव्हा रात्र होतच नाही)
आणि भरली बादली घेऊन
भलत्याच दिशेनं परतायची,
कुणी माग काढू नये म्हणून.
डास तिला चावत नसत.
चावत असतील. तिनं त्यांची दखल घेतली नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघे गेले, आता बसून राहा.
बसली.
तळ्याकाठच्या खडकावर, पाण्यात गळ टाकून.

आणि हिवाळ्यात कुऱ्हाडीनं बर्फ फोडून
तळ्याला दार पाडायची,
लोकरी टोपी डोक्यावर तशीच,
शिडीनं खाली, गळ्याइतक्या काळ्या पाण्यात.
किती वेळ थांबायचं ते आकड्यांत मोजत नसे.
विकून तीस वर्षं झालेल्या गाईंची नावं घ्यायची,
एकेक, सावकाश, जणू गोठ्यात बोलावतेय.
सातवी आली की वर.
लालबुंद, अंगातून वाफा निघताहेत,
"चला, कॉफी."

शेवटचं वर्ष शहरातल्या वृद्धाश्रमात, तिसऱ्या मजल्यावर.
परिचारिकेची तक्रार यायची:
बाई खिडकी लावू देत नाहीत,
सकाळी पांघरुणावर बर्फ सापडतो.
त्याच खोलीत बाबांनी, अगदी शेवटी, विचारलंच,
आई, हिल्लाची जागा कुठली गं?
तिनं डोळे मिटून घेतले.
झोपेचं सोंग तिला कधीच धड जमलं नाही.
ओठाचा कोपरा हलत होता.

यंदा तळ्याला दार मी पाडलं.
कुऱ्हाड तिची, मला जड.
टोपी तिची, मला घट्ट.
पाणी थंड नव्हतं;
थंड हा काठावरचा शब्द आहे.
मान्सिक्की, म्हटलं. ओमेना. हेलुना.
श्वास कुठेतरी वरच राहिला होता.
मुस्तिक्की. क्युत्तो.
लेम्मिक्की, जी लाथ मारायची.

सातवी आठवेना.
काठावर तूली टॉवेल पसरून ओरडत होती,
वेडी आहेस का, ये वर.
नाव जिभेवर होतं, बधिर जिभेवर.
शिडी हाताशी होती.
मी आणखी थोडी थांबले.